११ महिनेच का? तुमच्या भाड्याच्या घराचा इतिहास

पुण्या-मुंबईत भाड्याने राहत असाल, तर मोबाइलमधली ॲग्रीमेंटची पीडीएफ उघडा. वर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असेल, मुदत बहुतेक ११ महिन्यांची. आता त्यात 'भाडेकरू' हा शब्द शोधा. बहुधा सापडणार नाही. तिथे तुम्ही 'लायसन्सी' आहात, म्हणजे घर वापरायची परवानगी मिळालेला माणूस. हा फरक नुसता शब्दांचा नाही.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. मुंबईत माणसं भराभर वाढत होती, घरं मात्र तेवढीच. मालक भाडं वाढवणार आणि गरीब माणूस रस्त्यावर येणार, ही भीती खरी होती. म्हणून १९४७ मध्ये मुंबई सरकारने भाडे नियंत्रण कायदा केला. १ सप्टेंबर १९४० ला खोलीचं जे भाडं होतं, साधारण तेच 'प्रमाण भाडं' धरलं गेलं. भाडं वेळेवर भरत असाल, तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय मालक बाहेर काढू शकत नव्हता.

कायदा होता तात्पुरता. पण त्याची मुदत वाढतच गेली आणि भाडं तिथेच गोठलं. मग दोन गोष्टी घडल्या. एक, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कोण करणार? चाळी खचायला लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर लावावा लागला. दोन, पागडी. भाडं नाममात्र, पण खोलीत शिरायचं तर आधी मोठी रक्कम मोजायची. कायद्याने हा गुन्हा होता, तरी सर्रास चालायचा.

मालकांनी आणखी एक पळवाट काढली. भाडेकरू ठेवायचाच नाही, लायसन्स द्यायचं! १९७३ मध्ये सरकारने तीही बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ ला जो चालू लायसन्सवर घरात राहत होता, तो कायद्याने भाडेकरू झाला. आत असलेल्यांची चांदी झाली, पण मालकांनी धसका घेतला. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावलेलं बरं, असं अनेकांना वाटू लागलं.

इथेच या इतिहासातली खरी गोम आहे. कायद्याने घरात असलेल्याला सांभाळलं, पण उद्या शहरात येणाऱ्या पोराचा विचारच झाला नाही. त्याच्यासाठी दार आणखी घट्ट झालं.

१९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९४० चं भाडं असं गोठवून ठेवणं आता अन्यायाचं झालंय. मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, पण भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायला परवानगी मिळाली. पागडी कायदेशीर झाली. आणि लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं, नाहीतर दुप्पट दराने भरपाई, हे पक्कं झालं.

मग ११ महिने कशासाठी? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे. ते टाळायला लोकांनी ११ चा आकडा धरला. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने ती पळवाट बंद केली. इथे मुदत कितीही असो, करार लेखी आणि रजिस्टर्ड हवाच. म्हणजे ११ महिने हा जुना कोड आहे, कुणी डिलीट केला नाही म्हणून चालू राहिलेला!

आता तुमच्या कामाचं. रजिस्ट्रेशनची जबाबदारी मालकाची आहे. त्याने केलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला, तर करारातल्या अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत मालक उलटं सिद्ध करत नाही तोपर्यंत.

म्हणून ब्रोकर म्हणाला, "नुसतं नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल," तर नाही म्हणा. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. डिपॉझिट किती, परत कधी, कापणार कशासाठी, हे करारात लिहून घ्या.

आधीच्या पिढ्यांना कायद्याने खोली राखून दिली. आपल्या हातात फक्त कागद आहे, तो तरी पक्का असू द्या.