टेपची वेटोळी, चित्रांचे थर

ब्रायन ईनो १९७३ मध्ये ‘रॉक्सी म्युझिक’ या रॉक बँडमधून बाहेर पडले. ते सिंथेसायझर हाताळत, पण स्वतःला वादक मानत नसत. शिक्षण इप्सविच व विंचेस्टरच्या कलाशाळांतले. अशा माणसाची कारकीर्द पन्नास वर्षे टिकली कशी?

१९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मधील एका रचनेत गायलेले सुटे स्वर टेपच्या असमान लांबीच्या वेटोळ्यांवर फिरतात. एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळपास सव्वीस, तिसरा जवळपास तीस. लांबी जुळत नसल्याने स्वरांची गाठ प्रत्येक वेळी निराळी पडते. येथे बोटांचे कसब लागत नाही. मांडणी ठरवून बाजूला व्हावे लागते.

हीच रीत त्यांनी चित्रांनाही लावली. २००६ च्या ‘७७ मिलियन पेंटिंग्ज’मध्ये संगणक त्यांच्या चित्रांचे थर एकमेकांवर चढवत राहतो, प्रतिमा इतक्या सावकाश बदलते की बदल चटकन ध्यानातच येत नाही.

दरम्यान डेव्हिड बोवी, टॉकिंग हेड्स, यूटू यांच्यासोबतचे काम चालू होते. व्यापक प्रसिद्धी मुख्यतः त्यातूनच आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये व्हेनिस बिएनालेने जीवनगौरवाचा सुवर्णसिंह त्यांना दिला, तो मात्र संगीत विभागात.