नगरसेवकपदाची पात्रता (दिघा, नवी मुंबई)

महानगरपालिकेचा निर्वाचित सदस्य होण्यासाठी लागणाऱ्या अर्हता आणि त्या पदाच्या आड येणाऱ्या निरर्हता यांना मिळून व्यवहारात ‘नगरसेवकपदाची पात्रता’ म्हणतात. नवी मुंबईत तिचा आधार तिहेरी आहे : भारतीय संविधानाचा भाग नऊ-क, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) आणि राज्य निवडणूक आयोगाचे आदेश. अर्हता दोन ओळींत संपते. निरर्हतांची यादी मात्र लांब आहे. त्या यादीतले अनधिकृत बांधकामाचे कलम दिघ्यासारख्या वस्तीत इतर कलमांपेक्षा जास्त बोचते. म्हणून या नोंदीत दिघा हे उदाहरण घेतले आहे.

दिघा : स्थान व रचना. दिघा हे नवी मुंबईचे उत्तर टोक. ठाणे–बेलापूर रस्त्यावर कळवा आणि ऐरोली यांच्या दरम्यान, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी असा हा पट्टा आहे. मूळ गाव आगरी-कोळ्यांचे. पुढे औद्योगिक विकास महामंडळाची ठाणे–बेलापूर औद्योगिक वसाहत आली आणि कारखान्यांत कामाला आलेल्यांनी डोंगराच्या कुशीत वस्ती केली. इलठणपाडा, गणपतीपाडा, विष्णुनगर, बिंदुमाधवनगर, यादवनगर ही नावे त्याच वाढीची खूण आहेत. इलठणपाड्याला रेल्वेने ब्रिटिश काळात बांधलेले धरण आजही आहे. ‘दिघा गाव’ हे लोकलचे स्थानक मात्र १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. महापालिकेच्या आठ विभाग कार्यालयांपैकी एक दिघ्यात आहे. विधानसभेसाठी हा भाग ऐरोली मतदारसंघात मोडतो.

नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली आणि त्यानंतर २०००, २००५, २०१० व २०१५ अशा दर पाच वर्षांनी निवडणुका होत राहिल्या. मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली तेव्हा करोनामुळे निवडणूक लांबली, मागोमाग इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर मार्ग मोकळा झाला. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील इतर २८ महापालिकांसोबत नवी मुंबईत मतदान झाले. २०१५ मध्ये १११ वॉर्ड होते आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडला जाई. २०२६ मध्ये तेवढ्याच जागा २८ प्रभागांत वाटल्या गेल्या : २७ प्रभाग चार सदस्यांचे, एक तीन सदस्यांचा. प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून दिले जातात, त्यामुळे मोजणी दिघ्याच्या बाजूने सुरू होते.

अर्हता. उमेदवाराचे नाव महापालिकेच्या मतदार यादीत असावे आणि वय २१ वर्षे पूर्ण असावे. यापलीकडे कायदा काही मागत नाही. आमदारकी-खासदारकीसाठी २५ वर्षांची अट असली, तरी २१ पूर्ण केलेल्या व्यक्तीला केवळ पंचविशीच्या आत आहे म्हणून नगरपालिकांच्या निवडणुकीतून वगळता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २४३-फ सांगतो. केरळमध्ये आर्या राजेंद्रन डिसेंबर २०२० मध्ये २१ व्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या महापौर झाल्या, त्या याच तरतुदीमुळे.

महापालिका स्वतंत्र मतदार नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी प्रभागवार फोडून ती वापरली जाते. २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. उमेदवाराचे नाव शहरातल्या कोणत्याही प्रभागात असले तरी चालते. नेरुळचा मतदार दिघ्यातून उभा राहू शकतो आणि दिघ्याचा बेलापुरातून. सूचक आणि अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून अर्ज भरला त्याच प्रभागाचे मतदार असावे लागतात.

मतदार नोंदणीला राहण्याचा पुरावा लागतो, घराच्या मालकीचा नाही. औद्योगिक महामंडळाच्या जमिनीवरील झोपडीत किंवा परवानगी नसलेल्या चाळीत राहणारा माणूस त्यामुळे मतदारही होतो आणि उमेदवारही. राहते घर अनधिकृत आहे, एवढ्यावरून त्याचा अर्ज बाद होत नाही.

शिक्षणाची अट महापालिकेला नाही. ग्रामपंचायतीत १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी उत्तीर्ण असावे लागते. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीसाठी दहावीपर्यंतची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १० डिसेंबरला ती वैध ठरवली. राजस्थानने घातलेली तशीच अट २०१९ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्रातल्या शहरी संस्थांत उमेदवाराचे शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहावे लागते, पण कमी शिक्षणामुळे कोणी अपात्र ठरत नाही.

राखीव जागा. २०११ पासून महापालिकेतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात आणि इतर मागासवर्गाला २७ टक्क्यांपर्यंत जागा मिळतात. कोणती जागा कोणासाठी, हे सोडतीने ठरते. राखीव जागेवरून लढणाऱ्याला जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. वैधतेचा अर्ज पडताळणी समितीकडे प्रलंबित असेल, तर त्याची पोच जोडून आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याची हमी लिहून अर्ज भरण्याची सवलत वेळोवेळी दिली गेली आहे. मुदत उलटली किंवा दावा अवैध ठरला, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते.

दिघ्यात ही अट विशेष महत्त्वाची ठरते, कारण वस्तीचा मोठा भाग बाहेरून आलेला आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवायचा, तर ठरावीक दिनांकाला कुटुंबाचे वास्तव्य राज्यात असल्याचे दाखवावे लागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेले कुटुंब गावाकडचे जुने दाखले, शाळेचा उतारा, सातबारा गोळा करून ही अट पुरी करू शकते. उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून नंतर आलेल्या कुटुंबाला, तिकडे त्याची जात मागास गणली जात असली तरी, इथे सर्वसाधारण जागेवरूनच लढावे लागते.

निरर्हता. अधिनियमाच्या कलम १० मध्ये त्या दिल्या आहेत. त्यांतल्या प्रमुख पुढीलप्रमाणे :

(१) नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती, दोषसिद्धीपासून सहा वर्षे होईपर्यंत. नुसता गुन्हा दाखल असणे किंवा खटला चालू असणे ही निरर्हता नाही. ती माहिती प्रतिज्ञापत्रात मात्र द्यावी लागते.

(२) मुक्त न झालेला नादार.

(३) महापालिकेत लाभाचे पद धारण करणारा, अर्थात पालिकेचा नोकर.

(४) पालिकेचा परवानाधारक सर्वेक्षक, वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभिकल्पक किंवा प्लंबर, तसेच अशा व्यक्तीच्या भागीदारी संस्थेतला भागीदार. नकाशा मंजुरीला पाठवणारा आणि मंजुरी देणाऱ्या संस्थेचा सदस्य एकच असू नये, हा यामागचा हेतू.

(५) पालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारा. ठेका घेणाऱ्या कंपनीचा केवळ भागधारक असणे किंवा पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात हिस्सा असणे याला अपवाद आहे.

(६) पालिकेची थकबाकी, खास नोटीस मिळूनही तीन महिन्यांत न भरणारा. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवसांत मालमत्ता कर आणि पाणीपट्टीचा ‘थकबाकी नसल्याचा दाखला’ मिळवायला विभाग कार्यालयात इच्छुकांची रांग लागते.

(७) दोनपेक्षा अधिक अपत्ये असणारा. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याची अपत्यसंख्या दोनच्या पुढे गेली, तो अपात्र. त्याआधीच दोनहून अधिक मुले असलेल्याला, पुढे संख्या वाढली नाही तर, सूट आहे. एका अपत्यानंतरच्या बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली, तर ती एकच धरतात. तिसरे मूल दत्तक देऊन ही निरर्हता टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील जावेद प्रकरणात २००३ मध्ये सांगितले. दोन अपत्यांची अटही त्याच निकालात वैध ठरली. हरियाणाने पुढे ही अट काढली, आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये काढली. महाराष्ट्रात ती कायम आहे.

(८) निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत न देणारा. पटण्याजोगे कारण नसेल, तर राज्य निवडणूक आयोग त्याला ठरावीक काळासाठी अपात्र ठरवतो. हरलेल्या उमेदवारालाही हे लागू आहे, आणि हरलेलेच ते विसरतात.

पक्षांतराची निरर्हता वेगळ्या कायद्यात आहे : महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. नवी मुंबईसाठी ती प्रकरणे कोकण विभागीय आयुक्तांपुढे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात चालतात.

अनधिकृत बांधकाम : कलम १०(१ड). ही निरर्हता निवडून आलेल्या सदस्यासाठी आहे आणि तिला तीन बाजू आहेत. सदस्याने स्वतः, त्याच्या पतीने वा पत्नीने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केले असेल, ही पहिली. सदस्य या नात्याने त्याने अशा बांधकामाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मदत केली असेल, ही दुसरी. अनधिकृत बांधकाम पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने लेखी पत्र देऊन किंवा प्रत्यक्ष आडवे येऊन अडवले असेल, ही तिसरी. यांपैकी काहीही सिद्ध झाले, तर उरलेल्या मुदतीसाठी पद जाते.

दिघ्यात हे कलम कागदावरचे राहत नाही. नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. गावठाणे वाढवून मिळाली नाहीत, कुटुंबे वाढत गेली, आणि भूमिपुत्रांनी संपादित जमिनीवर बांधलेल्या घरांना ‘गरजेपोटीची घरे’ हे नाव पडले. ती नियमित करण्याचे शासन निर्णय वारंवार निघाले. पण प्रत्यक्ष नियमित होईपर्यंत कायद्याच्या लेखी ती अनधिकृतच असतात. दुसरीकडे औद्योगिक महामंडळाच्या आणि सिडकोच्या मोकळ्या भूखंडांवर विक्रीसाठी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. दिघ्यातल्या अशा ९९ इमारतींचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि २०१५ मध्ये त्या पाडण्याचे आदेश झाले. रहिवासी रस्त्यावर उतरले. पुढे राज्याने २०१७ मध्ये प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम ५२-क घालून ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची काही बांधकामे अटींवर नियमित करण्याची वाट काढली.

घरपट्टी भरली की घर कायदेशीर झाले, असा वस्तीत सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. पालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारते. कराची पावती ही बांधकामाची परवानगी नव्हे.

यातून दिघ्याच्या नगरसेवकापुढे पेच उभा राहतो. जेसीबी दारात आला की मतदार पहिला फोन त्यालाच करतो. तो आला नाही, तर पुढच्या निवडणुकीत मते जातात. येऊन पथकासमोर उभा राहिला, तर चालू पद जाऊ शकते. सभागृहात प्रश्न मांडणे, नियमितीकरणाचा पाठपुरावा करणे, रहिवाशांना वकील मिळवून देणे यांना कायद्याची आडकाठी नाही. कारवाई थांबवण्यासाठी दिलेले पत्र मात्र त्याच्याच विरोधात पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते.

अर्ज, छाननी व वाद. उमेदवारी अर्जासोबत गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण आणि अपत्ये यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ व २००३ च्या निकालांत मान्य केला. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला ५,००० रुपये, महिला व राखीव प्रवर्गांना २,५०० रुपये आहे. पक्षाच्या उमेदवाराला ‘एबी फॉर्म’ वेळेत जोडावा लागतो, नाहीतर पक्षाचे चिन्ह मिळत नाही. छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी कागद तपासतो आणि हरकती ऐकतो.

निकालानंतर एखाद्याच्या पात्रतेला आव्हान द्यायचे, तर निकाल जाहीर झाल्यापासून दहा दिवसांत न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज पराभूत उमेदवारच नव्हे, मतदार यादीत नाव असलेली कोणतीही व्यक्ती करू शकते. पक्षांतर सोडले, तर पदावर आल्यानंतर उद्भवलेल्या निरर्हतेचा वादही अंतिमतः न्यायाधीशच मिटवतात. महापौर किंवा सभागृह बहुमताने तो ठरवू शकत नाही.

स्वीकृत सदस्य. पालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना सभागृहात नामनिर्देशित केले जाते. वैद्यक, शिक्षण, वकिली, अभियांत्रिकी, लेखापरीक्षण, समाजकार्य ही क्षेत्रे त्यासाठी नियमांत नमूद आहेत. निवडणूक न लढता सभागृहात येणाऱ्या या सदस्यांनाच ज्ञानाची अट आहे, आणि मतदानाचा हक्क नाही. निवडून येणाऱ्याला ज्ञानाची अट नाही आणि मत आहे. पहिल्याची परीक्षा नियम घेतात, दुसऱ्याची मतदार.