सिंधूची विचारपूस

मराठी माणसापुढे दारूचा विषय निघाला, की त्याला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ हटकून आठवतो. १९१९ साली तो रंगभूमीवर आला आणि सुधाकराच्या पेल्याइतकेच सिंधूचे हालही घरोघर ठाऊक झाले. पण मला नेहमी एक प्रश्न पडे: सुधाकराची दारू खरोखरच सुटली असती, तर सिंधूचे दुःख त्याच दिवशी संपले असते काय?

याचे उत्तर मला सापडले ते दूर अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या बिल विल्सनने १९३४ च्या डिसेंबरात दारू कायमची सोडली आणि पुढल्याच वर्षी डॉक्टर बॉब स्मिथ यांच्या जोडीने ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मद्यपींनीच मद्यपींना हात देण्याची चळवळ उभी केली. त्याची पत्नी लोईस. लग्न १९१८ चे. नवरा पिऊन पडे तेव्हा तिने दुकानात नोकरी करून संसार रेटला. आपल्या प्रेमानेच हा सुधारेल, ही तिची श्रद्धा. तो सुधारला खरा. पण तिच्यामुळे नव्हे! एके दिवशी त्याने सभेला निघण्याची घाई केली, तेव्हा बाईंनी हातातला जोडा त्याच्यावर भिरकावला.

मग तीच चपापली. नवरा शुद्धीवर आहे, मग हा संताप कशाचा? तिला उमगले, की त्याला सांभाळणे हेच तिचे जगणे होऊन बसले होते. व्यसन सुटले आणि तिचे हात रिकामे झाले.

अशा बायका जागोजाग होत्या. त्या आपसांत बोलू लागल्या, त्यांचे गट झाले. १९५१ साली लोईसने एका मैत्रिणीच्या साहाय्याने ते एकत्र गुंफले. तीच ‘अल-ॲनॉन’ संघटना. तिथली शिकवण साधी: घरच्या माणसाचे व्यसन आपण लावलेले नाही आणि ते सोडवणेही आपल्या हाती नाही, आपले मन सावरणे मात्र आहे. १९५७ मध्ये मुलांसाठीही असेच गट निघाले.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथेही व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे.

वाचकहो, फराळाच्या निमित्ताने अशा एखाद्या घरी जाल, तेव्हा ‘आता पीत नाहीत ना?’ एवढेच विचारून उठू नका. ‘वहिनी, तुम्ही कशा आहात?’ असेही विचारा, आणि उत्तर ऐकायला घटकाभर बसा.