शरदातले पाहुणे आणि चुलीपुढची बाई

पाऊस ओसरतो, दसरा-दिवाळी जवळ येते आणि शहरातल्या माणसांना गाव आठवतं. पाहुणे येतात, चार दिवस राहतात, नव्या तांदळाचा भात नि चुलीवरची भाकरी खातात, तोंड भरून कौतुक करतात आणि निघून जातात. त्या कौतुकात चुलीपुढच्या बाईची मजुरी कुणी धरत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हाला इटली या दूरच्या देशाची गोष्ट सांगणार आहोत. शरदात गावाकडे सुट्टीला जायची रीत तिथे चारशे वर्षांहून जुनी आहे. त्या सुट्टीत कोण खात होतं, कोण पिकवत होतं, आणि बाईच्या कामाला मोल कधी मिळालं, हे त्या इतिहासातून स्पष्ट दिसतं.

इटली हा युरोपच्या दक्षिणेला, समुद्रात पाय सोडून बसलेल्या बुटाच्या आकाराचा देश. तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सुगीचा काळ. आधी द्राक्षं, मग रानातल्या अळंब्या, भोपळे, चेस्टनट, आणि शेवटी तेलाचे ऑलिव्ह. चेस्टनट म्हणजे काटेरी बोंडात येणारं तपकिरी फळ. भाजलं की चव थोडी आपल्या फणसाच्या भाजलेल्या आठळीसारखी, थोडी रताळ्यासारखी लागते.

आता सुट्टीची गोष्ट. व्हेनिस हे पाण्यावर वसलेलं व्यापारी शहर. सोळाव्या शतकात तिथल्या श्रीमंत घराण्यांनी समुद्रावरच्या व्यापारातला पैसा जमिनीत घालायला सुरुवात केली. जमिनीवर त्यांनी मोठे वाडे बांधले. आंद्रेआ पाल्लादिओ या वास्तुकाराने बांधलेले असे वाडे आजही लोक बघायला जातात. सुंदर आहेतच ते. पण नीट पाहिलं तर मधोमध मालकाचं घर आणि दोन्ही बाजूंना गाड्या, अवजारं नि धान्य ठेवायच्या लांबलचक पडव्या दिसतात. म्हणजे तो वाडा शेतीचं कचेरीघरही होता.

ही घराणी वर्षातून दोनदा गावाकडे यायची. एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. व्हेनिसहून पादुआकडे जाणाऱ्या ब्रेंता नदीच्या पाण्यातून त्यांच्या नावा यायच्या. काठावरून घोडे दोर धरून त्या नावा ओढायचे. शरदातच का यायचे? हवा चांगली असते, शिकार मिळते, हे खरंच. पण मुख्य म्हणजे पीक तेव्हा घरात येतं आणि मालकाचा वाटा तेव्हाच मोजून घ्यायचा असतो. सुट्टी आणि वसुली एकाच नावेतून यायची.

पुढे पुढे सुट्टीचा दिखावा वाढला. १७६१ साली कार्लो गोल्दोनी या व्हेनिसच्या नाटककाराने या सुट्टीच्या वेडावर एकापाठोपाठ एक तीन नाटकं लिहिली. त्यातली माणसं कर्जात बुडालेली आहेत, तरी गावी जायचंच म्हणतात. शेजारचे जाणार, मग आपण मागे कसं राहायचं? नव्या पद्धतीचा पोशाख शिवला नाही तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? लग्नाच्या मांडवापायी कर्ज काढणारी घरं आपल्या गटातल्या कुणी पाहिली नाहीत? तर हे तसंच.

आता वाड्याच्या मागच्या दाराने शिरू. मध्य इटलीत, विशेषतः तोस्काना, उंब्रिया, मार्के या भागांत, शतकानुशतकं अर्धेलीची शेती चालली. जमीन नि घर मालकाचं, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. कुळाच्या घरात एक कारभारी पुरुष आणि एक कारभारीण. स्वयंपाक, कोंबड्या, अंडी, सूत, सगळं कारभारणीकडे. पण कोंबड्यासुद्धा पुऱ्या तिच्या नव्हत्या. सणाला मालकाच्या घरी इतके कोंबडे, इतकी अंडी पोचवायची, हे करारात लिहिलेलं असायचं. नाव भेटीचं, पण देणं सक्तीचं.

उत्तर इटलीत नोव्हेंबरच्या ११ तारखेला, संत मार्तीनोच्या दिवशी, शेतीचं वर्ष संपायचं. ज्या कुळाचा किंवा सालगड्याचा करार पुढे चालू राहिला नाही, त्याने त्या दिवशी घर सोडायचं. गाडीवर खाटा, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, वर लेकरं आणि म्हातारी माणसं. अजूनही तिकडच्या बोलीत घर बदलण्याला 'सान मार्तीनो करणं' म्हणतात. आणि याच दिवशी नवी वाइन चाखायची, चेस्टनट भाजायचे, असाही रिवाज. एकाच तारखेला एकाच्या घरी मेजवानी आणि दुसऱ्याचं घर गाडीवर. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे एकीकडे सहलीच्या गाड्या निघतात आणि त्याच रस्त्याने ऊसतोडीची बिऱ्हाडं जातात. हे चित्र आपल्याला नवं नाही.

मग पिकवणारे खात काय होते? उत्तरेच्या सपाट मुलखात गहू बाजारात नि मालकाकडे जायचा. गरिबाच्या पानात मक्याचा घट्ट सांजा, पोलेंता. मका अमेरिकेतून आलेला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कित्येक घरांत दुसरं काही शिजतच नव्हतं. त्यातून पेलाग्रा नावाचा रोग पसरला. उन्हात कातडी सोलायची, जुलाब लागायचे, पुढे डोकं फिरायचं. १८८१ सालच्या सरकारी मोजणीत या रोगाची लाखावर माणसं निघाली.

कारण पुढे कळलं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं अडकलेलं असतं की नुसता मका शिजवून ते अंगाला लागत नाही. मेक्सिकोतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटायच्या. त्याने ते जीवनसत्त्व मोकळं होतं. बियाणं समुद्र ओलांडून इटलीत आलं, पण ते रांधणाऱ्या बायकांचं ज्ञान मागेच राहिलं. सख्यांनो, बायकांच्या रांधण्यातल्या शहाणपणाला कुणी शास्त्र म्हणत नाही. ते हरवलं की त्याची किंमत कळते.

डोंगरातल्या लोकांना आधार होता चेस्टनटचा. गहू नीट न पिकणाऱ्या आपेनीन डोंगरांत या झाडाला भाकरीचं झाड म्हणत. ऑक्टोबरमध्ये बायका आणि मुलं वाकून वाकून चेस्टनट वेचायची. मग दगडी खोपट्यात, वरच्या फळ्यांच्या माळ्यावर ती पसरायची आणि खाली महिनाभर मंद आग धुमसत ठेवायची. वाळली की झोडपून टरफल काढायचं, पाखडायचं, निवडायचं आणि पाणचक्कीवर दळायचं. ते पीठ मुळातच गोडसर असतं. त्याचा सांजा, त्याची धिरडी, त्याची भाकर, यावर हिवाळा निघायचा. घरात पाहुणा आला तर मात्र हे पीठ पुढे ठेवायला लाज वाटायची, कारण ते गरिबीचं अन्न.

१९३८ साली जेनोव्हा शहराजवळ या झाडांवर खोड सुकवणारा बुरशीचा रोग आढळला आणि तो देशभर पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरातले तरुण मिलान, तोरिनोच्या कारखान्यांत गेले. खोपटी पडली, बागा रान झाल्या. अर्धेलीच्या शेतातली माणसंही शहराकडे निघाली.

आता कामाच्या मोलाचं बघा. विसाव्या शतकात इटलीच्या शेतीच्या हिशेबात एक तक्ता वापरत. आर्रिगो सेर्पिएरी या कृषी अर्थतज्ज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. घरात कामाचे हात किती, हे त्यावरून ठरायचं. पुरुष म्हणजे १ आणि बाई म्हणजे ०.६. म्हणजे तिचे जवळजवळ दहा आणे त्याच्या रुपयाला. घरचं रांधणं-धुणं तर या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

हे बदलायला वेळ लागला. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. १९७५ साली कुटुंबाचा कायदा बदलला. घरच्या शेतीत किंवा धंद्यात राबणाऱ्या माणसाला पोटापाण्याचा आणि नफ्यातल्या वाट्याचा हक्क मिळाला. बाईचं काम पुरुषाच्या कामाच्या बरोबरीचं धरलं जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं. ०.६ पासून १ पर्यंत यायला किती पिढ्या गेल्या, हे ज्याने त्याने मोजावं.

मग १९८५ साली कृषी पर्यटनाचा देशव्यापी कायदा आला. शेतकऱ्याने आपल्या घरात पाहुणे ठेवावेत, आपलं पीक त्यांना रांधून घालावं, पण शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, अशी अट त्यात होती. शेती सोडून नुसती खानावळ चालवली तर ते कृषी पर्यटन नाही. पडक्या घरांना छप्पर मिळालं, ओस बागांत पुन्हा माणसं दिसू लागली. आज तिथे अशी पंचवीस हजारांच्या आसपास ठिकाणं आहेत आणि सुमारे एक तृतीयांश बायका चालवतात.

तोस्कानाच्या डोंगरातल्या मारादी गावात ऑक्टोबरच्या रविवारी चेस्टनटची जत्रा भरते. शहरातले लोक तिथे मुद्दाम जातात आणि कास्तान्याच्चो खातात. चेस्टनटचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि वर रोझमेरीचा सुवासिक पाला घालून भाजलेली ही वडी. साखर लागत नाही. जे पीठ पुढे ठेवायला एके काळी लाज वाटायची, त्यासाठी आता लोक पैसे मोजतात.

पण पदार्थाला मान मिळाला म्हणजे रांधणारीला मान मिळालाच, असं नाही. इटलीत नुसती चव वाढली म्हणून बाईचं मोल वाढलं नाही. त्यासाठी करार बदलावे लागले, कायद्यात तिचं काम लिहावं लागलं. चवीच्या आधी दहा वर्षं हक्क कागदावर आला होता, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्र शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. पिठलं-भाकरी, हुरडा, मांडे, सोलकढी यांना गिऱ्हाईक आहे. म्हणून येत्या बैठकीत आपण तीन गोष्टी बोलू या. पाहुण्यांचं केंद्र सुरू झालं तर नोंदणीवर नाव कुणाचं? पैसा कुणाच्या खात्यात? आणि एका ताटामागे दळण, पाणी, सरपण, रांधणं, उष्टी काढणं धरून किती तास जातात?

तिसऱ्या प्रश्नासाठी एक वही घाला. पुढच्या वेळी पाहुणे आले की प्रत्येकीने आपले तास लिहा आणि त्यापुढे गावातल्या शेतमजुरीचा दर मांडा. लिहिता न येणारीने शेजारणीला सांगावं, पण तिचा आकडा गाळू नये. ताटाची किंमत ठरवताना ती वही समोर हवी. पाहुण्यांचं स्वागत आपण करूच, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण हिशेबात आपला आकडा पुरा १ असला पाहिजे.