स्पॅनिश व्याकरण : क्रियापदे व विशेषणे

स्पॅनिश ही लॅटिनोद्भव भाषा असून तिचे पहिले छापील व्याकरण आंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ मध्ये प्रसिद्ध केले.

मूळ क्रियापदाच्या अंती 'आर', 'एर' किंवा 'ईर' असते. ते काढून पुरुष व वचनानुसार प्रत्यय लागतात. 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्याची वर्तमानकाळी रूपे आब्लो (मी), आब्लास (तू), आब्ला (तो, ती), आब्लामोस (आम्ही), आब्लाइस (तुम्ही, मुख्यतः स्पेनमध्ये), आब्लान (ते, त्या). प्रत्ययावरूनच कर्ता कळत असल्याने सर्वनाम बहुधा गाळतात. मराठीतील 'बोलतो-बोलते' हा लिंगभेद येथे नाही.

विशेषणांत मात्र तो आहे. नामांची लिंगे दोनच असून विशेषण सहसा नामानंतर येते : 'लिब्रो ब्लांको' (पांढरे पुस्तक), 'कासा ब्लांका' (पांढरे घर), 'कासास ब्लांकास' (पांढरी घरे). 'बेर्दे' (हिरवा) लिंगानुसार बदलत नाही, पण अनेकवचनी 'बेर्देस' होते. मराठी 'लाल' एवढेही बदलत नाही. ओकारान्त नाम पुल्लिंगी हा नियम ढोबळच, कारण 'मानो' (हात) स्त्रीलिंगी आहे.

अभ्यासकाची खरी कसोटी 'सेर' व 'एस्तार' या क्रियापदांत लागते. दोहोंचा अर्थ 'असणे'; पहिले स्वरूप सांगते, दुसरे अवस्था अथवा ठिकाण. 'एस आबुर्रीदो' म्हणजे 'तो कंटाळवाणा आहे', तर 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे 'तो कंटाळला आहे'.