प्रस्तावना : वेच्यांपलीकडचे संग्रह

जुन्या कवितेशी आपली ओळख बहुधा वेच्यांतून होते. पाठ्यपुस्तकातला एक उतारा, कीर्तनातली एक ओवी, रेडिओवरचे एक भावगीत. तेवढ्यावर आयुष्यभर प्रेम करता येते, यात शंका नाही. पण कवीने किंवा संकलकाने कवितेशेजारी कविता ठेवून जो संग्रह बांधलेला असतो, तो आपल्या हाती फारसा येतच नाही. हे पुस्तक मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, अहमदपूर या भागातल्या, म्हणजे लेंडी, मन्याड आणि मांजरेच्या काठच्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. या नद्या शेवटी गोदावरीलाच मिळतात, आणि गोदावरीच्या खोऱ्याने प्रेम, निसर्ग व मरण या तीन विषयांवर दोन हजार वर्षे कविता केली आहे. त्यातले पुष्कळ संग्रह नावाने माहीत आहेत. वाचलेले मात्र कमी. माझा आग्रह एकच आहे : ते सलग वाचावेत. मधले निवडक उचलले की या तीन विषयांचे तीन कप्पे होतात, आणि कवींनी तर ते कधीच वेगळे ठेवले नव्हते.

पहिला मान अर्थात हालाच्या गाथासप्तशतीचा. सातवाहन राजा हाल याने कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या, असे संग्रहच सांगतो. कोटीचा आकडा सोडून द्या. कुणीतरी बसून निवड केली, ही गोष्ट मोलाची. परंपरा हालाला इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेते. संग्रहात पुढेही भर पडत राहिली. त्यामुळे निरनिराळ्या पाठपरंपरांत समान असलेल्या गाथा ४३० च्या आसपासच भरतात. भाषा महाराष्ट्री प्राकृत, वृत्त आर्या, प्रत्येक गाथा दोन ओळींची. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० आणि १८८१ मध्ये तिच्यावर मोठे काम प्रसिद्ध केले. मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती आणली, तीही भल्यामोठ्या प्रस्तावनेसह. ती प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथच आहे. तरी ती शेवटी वाचावी, असे मी सुचवतो. (प्रस्तावनाकाराने हे सांगणे जरा विचित्र वाटेल, पण सांगतो.)

गाथेत राजवाडा जवळजवळ नाही. नांगर हाकणारा हालिक आहे, त्याची बायको आहे, गावच्या पाटलाचा पोर आहे, सासू आहे, ओसरीवर रात्रीपुरता टेकलेला वाटसरू आहे. कोण बोलते आहे ते गाथा सांगत नाही. ते आपण ओळखायचे. एका गाथेत एक बाई कुणा धार्मिक गृहस्थाला सांगते, आता निर्धास्त फिरा, तुम्हाला भिवविणारे ते कुत्रे गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारले. वरवर अभय, आतून अटकाव. जाळी ही तिची संकेताची जागा आहे आणि हा माणूस रोज तिकडेच फुले तोडायला येतो. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तेव्हा बोललेल्या शब्दाहून निराळा अर्थ कसा सूचित होतो हे दाखवायला त्याने सर्वांत आधी हीच गाथा घेतली. काव्यशास्त्रातल्या एका मोठ्या सिद्धान्ताचे पहिले उदाहरण आपल्या गोदेच्या काठावरचे आहे, हे आपल्याकडच्या किती पदवीधरांना ठाऊक असते?

पण ती गाथा एकटी वाचली तर एक चतुर कोटी एवढेच हाती लागते. आजूबाजूच्या गाथा वाचा, म्हणजे शेताचा आणि प्रेमाचा हिशेब एकच असल्याचे दिसू लागते. भात कापले, तीळ उपटले, की भेटीची जागा गेली. मग कुणी मैत्रीण समजूत घालते की ताग अजून उभा आहे. एका गाथेत कपाशीच्या रानात नांगर धरायचा पहिला मुहूर्त आहे. नांगराची पूजा करणाऱ्या बाईचा हात थरथरतो, कारण कपाशी वाढल्यावर त्या रानात काय काय होईल ते तिच्या मनात आधीच उगवले आहे. आमच्या भागात कापूस म्हटले की भाव, बोंडअळी आणि कर्ज आठवते. कापसाचे रान असेही असू शकते, हे वाचून काही वाचक हसतील, काही संकोचतील. दोन्ही चालेल.

वाटसरूच्या गाथा मात्र इकडच्या वाचकाला समजावून सांगाव्या लागणार नाहीत. हैदराबाद, पुणे, मुंबई किंवा ऊसतोडीचा फड यांपैकी कुठेतरी घरचे माणूस गेलेले असते. हालाच्या संग्रहात ढग दाटून आला की परदेशी गेलेल्याची बायको जगेल की नाही, हा प्रश्न खरोखरीचा असतो. तिथे पाऊस, विरह आणि मृत्यू या एकाच वाक्यातल्या गोष्टी आहेत. आणखी एक : जुन्या पोथ्यांत काही गाथांपुढे कवींची नावे येतात, त्यांत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशा स्त्रियाही आहेत.

भर्तृहरीबद्दल थोडक्यात सांगतो. नीती, शृंगार आणि वैराग्य अशी त्याची तीन शतके. सतराव्या शतकात वामन पंडितांनी त्यांना मराठी रूप दिले. त्यांचे शेष घराणे मूळ नांदेडचे असे परंपरा मानते. शाळेने आपल्याला नीतीचे श्लोक दिले, उतारवयात कुणी वैराग्याचे हाती ठेवले, आणि मधले शतक गाळले गेले. म्हणूनच वैराग्यशतक कोरडे वाटते. सोडायचे ते किती गोड होते, हे आधी कळल्यावाचून सोडण्याला वजन कुठून येणार?

हीच अडचण एका महानुभाव कवीच्या वाट्याला निराळ्या तऱ्हेने आली. परभणीकडच्या बोरीचे भास्करभट्ट चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘शिशुपालवध’ लिहितात. नाव युद्धाचे, पण कवी रमतो तो कृष्ण-रुक्मिणीच्या रुसव्यात, वसंतात, जलक्रीडेत. परंपरा सांगते, की गुरुबंधूंनी ग्रंथ ऐकला, वाखाणला आणि हा निवृत्तांच्या कामाचा नाही असेही म्हटले. मग कवीने ‘उद्धवगीता’ रचली. तीत निजधामाला निघालेला कृष्ण उद्धवाला अखेरचे सांगतो. अभ्यासक हे दोन ग्रंथ शृंगार आणि शांत अशा दोन रकान्यांत घालतात. मला ते एकाच संग्रहाचे दोन भाग वाटतात. पहिल्यात ज्याच्यावर जीव जडला, दुसऱ्यात तोच निरोप घेतो आहे. उद्धवाची व्याकुळता त्यामुळेच खरी वाटते.

‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ हे महानुभावांच्या साती ग्रंथांपैकी दोन. त्याच सातांत रवळोबासांचे ‘सह्याद्रिवर्णन’ आहे, ते आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या दत्तात्रेय प्रभूंविषयी. हे सगळे वाङ्मय शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बांधलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी ती कडी काढली. म्हणजे मराठीचे काही सर्वांत जुने काव्य सर्वसामान्य वाचकाला ज्ञानेश्वरीनंतर सहा शतकांनी भेटले. ते कमी वाचले गेले याचे निम्मे कारण इथे आहे. उरलेले निम्मे आपल्या आळसात.

उलट काही संग्रह विद्यापीठात अल्पपरिचित आणि गावात पाठ असतात. मन्मथस्वामींचे ‘परमरहस्य’ लातूर-नांदेडकडच्या वीरशैव घरांत पारायणाला असते. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. पुण्याच्या गी पॉयतवॅ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. अभ्यासासाठी त्यांची विषयवार वर्गवारी झाली, ती सोयीची आहे. पण दळणारी बाई भावावरून पावसावर आणि पावसावरून गेलेल्या आईवर येते, तो ओघ वर्गवारीत तुटतो. शक्य तिथे ध्वनिमुद्रण ऐकावे.

आता आपल्या जवळच्या दोघांकडे येतो. बी. रघुनाथ आणि वा. रा. कांत, दोघांचा जन्म १९१३ चा. पहिले परभणीकडच्या सातोन्याचे, दुसरे नांदेडचे. राज्य निजामाचे, कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत, आणि यांनी लिहिली मराठी कविता. रघुनाथांचा ‘आलाप आणि विलाप’ १९४१ साली निघाला. १९५३ मध्ये, चाळिशीत, ते गेले आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ त्यांच्यामागे १९५५ मध्ये आला. कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव अजून घेतले जाते, कवी म्हणून क्वचित. पहिल्या संग्रहातला प्रेमिक आणि दुसऱ्यातला थकलेला, तरी क्षितिजाकडे पाहणारा माणूस एकापाठोपाठ वाचला तर कारकुनीत पिचलेल्या एका संवेदनशील पिढीचे आत्मचरित्र हाती येते.

कांतांवर तर लोकप्रियतेनेच अन्याय केला. वसंतराव देशपांडे यांनी गायलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले बगळ्यांच्या माळेचे गीत मराठी माणसाला पाठ असते; ‘रुद्रवीणा’, ‘शततारका’, ‘वेलांटी’, ‘दोनुली’ ही त्याच कवीची पुस्तके आहेत, हे सांगावे लागते. त्या गीतातली हळवी आठवण खरी आहे. पण फटकारणारा, क्रांतीची भाषा बोलणारा आणि पुढे मरणाशी नजर भिडवणारा कांत तिच्याआड झाकला गेला. नांदेडच्या वाचकाने तरी त्यांना एका गाण्यावर सोडून देऊ नये.

पुस्तकातली प्रकरणे काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. आधी कांत आणि रघुनाथ, मग ओव्या, मग भास्करभट्ट आणि वामन, शेवटी हाल. ओळखीच्या भाषेकडून अनोळखी भाषेकडे. या संग्रहांपैकी बरेच आज दुकानात मिळत नाहीत. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयांतल्या जुन्या कपाटांत विचारा. ग्रंथपालांना नाव, लेखक आणि साल असे तिन्ही सांगितले तर काम होते. जुनी ओवी डोळ्यांनी अडली तर मोठ्याने वाचा, बरीचशी गाठ सुटते. गाथा अडली तर लगेच तळटिपेकडे जाऊ नका, पुढच्या आठ-दहा गाथा वाचून मग मागे या. आणि नाहीच समजली, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तिचा अर्थ सांगून पाहा. कोण कुणाला काय सुचवते आहे, हे ती टीकाकाराच्या आधी सांगेल.