नोंदीमागे कोण उभे आहे?

आजचा विषय आहे ऑनलाइन धंद्यांची आणि तंत्रज्ञान कंपन्यांची वकिली. ऐकायला तो मुंबई-बंगळुरूचा वाटतो. वैजापुरात त्याचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण या कंपन्यांच्या प्रत्येक वकिलाला आज जो एक निकाल माहीत असावाच लागतो, तो आपल्या शेजारच्या जालन्यातून गेलेला आहे. त्यातला वाद कंपनीचाही नव्हता आणि धंद्याचाही नव्हता. निवडणुकीचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, एवढाच वाद होता. तिथपर्यंत पोचायला आपल्याला जरा मागून यावे लागेल. सुरुवात करू वहीपासून.

आपल्या बाजारपेठेत दिवाळीला वहीपूजन होते. रोजमेळ, खतावणी, लाल कापडात बांधलेल्या वह्या हे सगळे तुम्ही पाहिलेले आहे. आता बघा, ही वही लिहितो कोण? ज्याला पैसे येणे आहेत, तोच. म्हणजे स्वतःच्या फायद्याचा पुरावा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने तयार करतो. मग दुसऱ्याने त्यावर विश्वास का ठेवायचा?

१८७२ सालच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ने याला शहाणपणाचे उत्तर दिले. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतली नोंद न्यायालय विचारात घेईल, पण केवळ त्या नोंदीच्या बळावर कोणाच्या डोक्यावर देणे बसवता येणार नाही. वहीच्या जोडीला आणखी काहीतरी लागेल. हे काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस असे. मुनीम, दिवाणजी किंवा मालक पिंजऱ्यात उभा राही आणि उलटतपासणीला तोंड देई.

हा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता, हेही लक्षात ठेवा. वैजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पुरावा कायदा आणि करार कायदा हे दोन्ही केंद्रीय कायदे आपल्याला संस्थान विलीन झाल्यावर, १९५१ मध्ये लागू झाले. पण गोदावरी ओलांडली की अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचे अहिल्यानगर, इंग्रजी अंमलात होता. तिथे आणि पुण्याकडे, हा कायदा येऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा एक मोठी गोष्ट घडली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. हे लोण अनेक गावांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यात लोकांचा रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर, हुकूमनाम्यांवर, म्हणजे कागदांवर. सावकाराने कागद काढून दिले की बऱ्याच ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागद मात्र जाळले. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, पण आपल्या गळ्यातला फास नेमका कुठे ठेवला आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. न्यायालय माणसापेक्षा कागदाचे ऐकते आणि कागद फक्त एकाच बाजूच्या पेटीत आहे, हे त्याचे दुखणे होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तीन गोष्टी आजच्या विषयाला लागू पडतात. न्यायालयाने रोख्यापाशी न थांबता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा. शेतकऱ्याचा रोखा गावातल्या निबंधकासमोर व्हावा. आणि शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क असावा. थोडक्यात, नोंद ज्याच्या हातात आहे त्याने समोरच्याला तिची प्रत दिली पाहिजे. हा कायदा किती यशस्वी झाला हा वेगळा वाद आहे. पण नोंद ठेवणाऱ्याकडे ताकद असते आणि त्या ताकदीबरोबर जबाबदारीही आली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे.

पुढची पायरी बँकेची. बँकेची वही रोज कोर्टात न्यायची म्हटली तर बँक चालणार कशी? म्हणून १८९१ मध्ये बँकांच्या वह्यांसाठी स्वतंत्र पुरावा कायदा झाला. वहीऐवजी प्रत चालेल, पण प्रतीखाली दाखला हवा. ही खरी नक्कल आहे, नोंद नेहमीच्या कामकाजात झाली आहे, वही बँकेच्या ताब्यात आहे, असे लिहून मुख्य हिशोबनीस किंवा व्यवस्थापकाने नाव आणि हुद्द्यासह सही करायची. वही घरी राहिली तरी चालेल, पण तिच्यासाठी एका माणसाने नावानिशी उभे राहायचे. ही कल्पना लक्षात ठेवा, कारण पुढे संगणकाच्या बाबतीत तीच परत येणार आहे.

मध्ये एक वळण टेलिफोनचे आहे आणि ते आपल्या खामगावचे आहे. जुलै १९५९ मध्ये खामगावची एक जिनिंग आणि तेल गिरणी आणि अहमदाबादचे व्यापारी यांच्यात सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर ठरला. माल आला नाही, म्हणून अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी अहमदाबादेत दावा लावला. खामगावकर म्हणाले, आमच्यावर दावा तिथे चालणारच नाही. प्रश्न असा झाला, की सौदा झाला कुठे? सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. १९६५च्या निकालात बहुमताने ठरले की टेलिफोनवरचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत दिले. त्यांच्या मते होकार जिथे उच्चारला तिथे, म्हणजे खामगावला करार झाला होता. भगवानदास केडिया खटला म्हणून तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. ऑनलाइन सौदा कुठे झाला यावर वकील भांडू लागले, की हा सरकीच्या पेंडीचा खटला निघतोच.

आता संगणकाकडे येऊ. १७ ऑक्टोबर २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्याने पुरावा कायद्यात ६५अ आणि ६५ब ही कलमे घातली. संगणकातल्या नोंदीची छापील किंवा सीडीवरची प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत दाखला हवा. यंत्र नियमित वापरात होते, माहिती नेहमीच्या कामकाजात भरली जात होती, यंत्र नीट चालत होते, असे त्या यंत्राच्या कामाशी संबंधित जबाबदार पदावरच्या माणसाने सही करून सांगायचे. गंमत म्हणजे हा मजकूर बव्हंशी इंग्लंडच्या १९६८च्या कायद्यातून उचलला होता आणि इंग्लंडने तो स्वतः १९९५ मध्येच रद्द केला होता. त्यांनी टाकलेला अंगरखा आपण पाच वर्षांनी शिवून घेतला.

मग वीस वर्षे गोंधळ चालला. २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दाखला नसला तरी इतर मार्गांनी नोंद सिद्ध करता येईल. २०१४ मध्ये केरळमधल्या एका निवडणूक खटल्यात तीन न्यायमूर्ती म्हणाले, नाही, दाखला हवाच. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींनी पुन्हा सैल सोडले. यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला दाखल्याची सक्ती नको, असे ते म्हणाले. खालच्या न्यायालयांनी कोणाचे ऐकायचे?

इथे जालना येते. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल आणि एक मतदार यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केल्या. त्यांचे म्हणणे असे, की २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचे अर्ज दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर चित्रीकरण चालू होते, म्हणजे खरे काय ते यंत्राला माहीत होते. सीडीच्या प्रती मिळाल्या, पण ६५बचा दाखला मिळेना. पुन्हापुन्हा मागितला तरी अधिकाऱ्यांनी दिला नाही. शेवटी उच्च न्यायालयाने निवडणूक अधिकाऱ्याची साक्ष आणि उलटतपासणी पुरेशी मानली आणि २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

१४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरीमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. दाखला हवाच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१८चे मत चुकीचे. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणले, तर मात्र दाखला लागत नाही. आणि दाखला दुसऱ्याच्या हातात असेल, तो देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करा, न्यायालय हुकूम काढेल. पक्षकाराने शक्य ते सगळे केले असेल तर अशक्य ते कायदा त्याच्याकडून मागत नाही. म्हणून या याचिकांत दाखल्याची अट माफ झाली आणि खोतकरांचे अपील फेटाळले. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ची निवडणूकही होऊन गेली होती. राजकारण बाजूला ठेवा. कायद्यासाठी जालना कायमचे राहिले.

याच निकालात मोबाइल आणि इंटरनेट सेवा कंपन्यांनाही निर्देश आहे. तपासात एखाद्या कालावधीतली नोंद जप्त झाली, की त्या कालावधीच्या नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवा, म्हणजे खटल्याच्या वेळी त्या मिळतील. कंपनीच्या वकिलाचे रोजचे काम इथून सुरू होते. कोणती नोंद ठेवायची, किती दिवस, कोणाच्या ताब्यात आणि तिच्यासाठी सही कोण करणार, हे भांडण होण्यापूर्वी ठरवणे हे त्याचे काम. ऑनलाइन धंद्याची वकिली म्हणजे लांबलचक अटी लिहिणे, असा समज आहे. तेही काम आहेच. पण ‘मी मान्य आहे’ हे बटण दाबले गेले होते, हे सिद्ध करता आले नाही तर त्या अटींचा उपयोग काय?

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यात ६५बच्या जागी कलम ६३ आहे. दाखल्याचा नमुना आता ठरलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. एक भाग पुरावा देणाऱ्या बाजूने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. शिवाय नोंदीचे हॅश मूल्य द्यायचे. हॅश म्हणजे फाइलवर गणित करून काढलेला तिचा अंगठा समजा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी अंगठा बदलतो. छेडछाड पकडायला हे चांगले आहे. मोठ्या कंपनीला ते जडही नाही, तिच्याकडे वकील आहे आणि तज्ज्ञही आहे.

पण समजा, आपल्याकडचा एक मुलगा येवल्याच्या पैठण्या एका ऑनलाइन मंचावर विकतो. ग्राहकाने पैठणी परत केली, मंचाने पैसे कापले आणि सांगितले, आमच्या नोंदीप्रमाणे माल खराब होता. नोंद कोणाकडे? मंचाकडे. दावा कुठे लावायचा? दूरच्या कोणत्या शहरात, ते अटींमध्ये आधीच छापलेले. मुलाकडे काय आहे? मोबाइलमधले चार स्क्रीनशॉट. त्याच्या स्वतःच्या मोबाइलचा दाखला तो देईल, तज्ज्ञही शोधेल कदाचित. मंचाच्या यंत्रातल्या नोंदीचा दाखला तो कुठून आणणार? मला तर इथे १८७५ दिसते. कागद पुन्हा एकाच पेटीत आहे, फक्त पेटी आता दिसत नाही. आणि जी दिसत नाही ती पेटी जाळताही येत नाही.

म्हणून जालन्याचा निकाल या मुलाच्या कामाचा आहे. त्याच्या वकिलाने पहिल्या दिवशी लेखी मागणी करावी, की या व्यवहाराच्या सगळ्या नोंदी जपून ठेवा आणि दाखल्यासह प्रत द्या. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर ती मागणी जपून ठेवावी. मग न्यायालयाकडे हुकूम मागावा. जालन्याच्या याचिका तरल्या त्या वारंवार मागणी केल्याचे दाखवता आले म्हणून. मोबाइल विकू नये, संदेश पुसू नयेत, कारण मूळ यंत्र हा स्वतःच पुरावा आहे. हे सांगायला बंगळुरूचा वकील लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयातला वकील हे सांगू शकतो, आणि त्याने हे शिकून घेतले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून शेवटी एवढे सांगतो. आपल्या न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण अट घातली की बोलणारा आप्त हवा. ज्याला वस्तू माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. यंत्राला माहिती असते, पण खरे सांगायची किंवा खोटे सांगायची इच्छा नसते. त्यामुळे यंत्राला आप्त म्हणता येत नाही, आणि खोटेपणाबद्दल त्याला शिक्षाही करता येत नाही. १८९१चा बँकेचा दाखला असो, ६५ब असो की आजचे कलम ६३, कायदा दर वेळी यंत्राच्या किंवा वहीच्या मागे एक सही करणारा माणूस शोधत आला आहे. नाव आहे, हुद्दा आहे, खोटे बोलला तर पकडता येईल असा माणूस. जो धंदा असा माणूस दाखवू शकत नाही, त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवण्याचे आपल्याला काही कारण नाही. आणि जो दाखवू शकतो, पण मागितल्यावर लपवतो, त्याच्याशी व्यवहार करताना आपण आपली वही स्वतः लिहीत जावी.